मेनेर क्लोप्तची दोन अक्षरं

रुडसेल गिरिगोरीला खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं कुरासाओ बेटावर फार थोडी उरली होती. घरची माणसं आणि बँकेतली बाई, संपलं. बाकी सगळे त्याला मेनेर क्लोप्त म्हणत. मेनेर म्हणजे डचमध्ये साहेब, आणि क्लोप्त म्हणजे ‘बरोबर आहे’. कुठलीही गोष्ट तपासून झाली की रुडसेल चष्मा कपाळावर चढवून ‘क्लोप्त’ म्हणायचा. त्याने तसं म्हणेपर्यंत ती गोष्ट बरोबर असूनही बरोबर धरायची नाही, असा त्याच्या आसपास रिवाजच पडून गेला होता.

रविवारी कोपऱ्यावरच्या बारच्या अंगणात डॉमिनोचा डाव बसे. वर्षानुवर्षं तोच संच, तेच टेबल, तीच टाळकी. तरी डाव सुरू होण्याआधी रुडसेल सगळ्या सोंगट्या मोजायचा.

“अरे, जाणार कुठे त्या?” कोणी तरी वैतागून विचारायचं. “बकरीने खाल्ल्या का?”

“मोजल्यावर कळेल ना, खाल्ल्या की नाही ते,” असं म्हणून तो शांतपणे मोजणी पुरी करायचा.

लग्नाची पत्रिका हातात आली की तारीख आणि वार जुळतात का हे तो आधी बघायचा, शुभेच्छा नंतर. एकदा त्याने दाखवलेल्या चुकीपायी एका मुलीच्या बापाने सगळ्या पत्रिका पुन्हा छापून घेतल्या. लग्न काही टिकलं नाही, पण पत्रिका बिनचूक होती.

हे वळण शाळेतलं. आमच्या वेळी शाळा डच धर्मबंधूंच्या हातात होती आणि मधल्या सुट्टीत कोणी पापियामेंतूत, म्हणजे आमच्या घरच्या भाषेत, बोलताना सापडलं की ‘मी पुन्हा असं बोलणार नाही’ हे वहीभर लिहावं लागे, अर्थात डचमध्ये. आमच्यापैकी बऱ्याच जणांचं हस्ताक्षर त्या शिक्षेमुळेच सुधारलं. रुडसेलचं अजूनही वाईट आहे, कारण त्याला ही शिक्षा एकदाही झाली नाही. तो सुट्टीत बोलायचाच नाही. घरी आल्यावर मात्र आईचं बोलणं दुरुस्त करायचा. त्याची आई फिफी सरकारी कचेरीत जाऊन दोन डच शब्द जुळवायची, आणि हा पोरगा खिडकीसमोरच तिला थांबवून म्हणायचा, “मा, असं नाही म्हणत.” फिफी खिडकीतल्या बाबूला सांगायची, “माझा मुलगा आहे. जन्मला तेव्हा रडला तोसुद्धा डचमध्ये.”

बाई मोठी तिखट. बेटाच्या पश्चिमेला बार्बेर गावात चर्चबाहेर मोठी कढई मांडून ती पास्तेची, म्हणजे खिमा भरलेल्या करंज्या, तळून विकायची, आणि त्या तळणीवर तिने रुडसेलला आणि त्याची बहीण यांडिराला शिकवलं. म्हातारपणी ती शहरात यांडिराकडे राहायला आली, पण तिचा जीव बार्बेरच्या बायकांत अडकलेला. त्यांच्या तिच्या भेटी आता मुख्यतः दफनांना व्हायच्या. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांना भेटायला दफनासारखी दुसरी सोय नाही.

रुडसेलची नोकरी त्याच्या स्वभावाला शोभेलशीच होती. ओट्रोबांडा भागात चपलांच्या दुकानावर एक छोटी कंपनी आहे, ती लोकांना वेबसाइट बनवून देते. वेबसाइट हल्ली कोणी पायापासून बांधत नाही. तयार सांगाडा मिळतो, त्याला फ्रेमवर्क म्हणतात; त्यावर आपण भिंती चढवायच्या. त्या सांगाड्यातच दारावरचे पहारेकरी असतात. तारखेच्या जागी तारीखच आली का, भाषेच्या जागी खरोखरच्या भाषेचा संकेत आला का, हे ते बघतात, आणि नसेल तर तांबडी ओळ दाखवून माणसाला परत पाठवतात. या पहारेकऱ्यांचा मुकादम म्हणजे रुडसेल. ती फाइल फक्त त्याची. तिला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, आणि त्याने लावला तरी दुसऱ्या माणसाने तपासून संमती दिल्याशिवाय बदल लागू व्हायचा नाही, शिवाय बदलाचं कारण लिहायचं, डचमध्ये. हे सगळे नियम त्यानेच केलेले.

त्याने केलेल्या कामांत त्याला सगळ्यात अभिमान होता तो मृत्यूच्या बातम्यांच्या पानाचा. आमच्याकडे माणूस मेला की रेडिओवर सांगतात. दुपारच्या जेवणाच्या वेळी सगळं बेट चमचा खाली ठेवून ऐकतं. मयताचं नाव, मग लोक त्याला ज्या नावाने ओळखत ते नाव, मग मुलं, सुना, जावई, नातवंडं, शेजारी, आणि कोणी राहून गेलं तर त्यांची क्षमा. पूर्वी ही बातमी फोनवर घेत. पण एकदा डॉमिनोत हरलेल्या कोणा खुनशी माणसाने फिफीचा भाऊ ओमो बेबे गेल्याचं फोनवर कळवून टाकलं. ओमो म्हणजे मामा, काका, जो कोणी वडीलधारा पुरुष असेल तो. बेबेला सगळेच ओमो म्हणायचे. ओमो बेबे तेव्हा बकरीच्या रश्शाबरोबर मक्याची फुंची खात बसला होता. त्याने स्वतःच्या मरणाची बातमी पूर्ण ऐकली, ताट पुसून खाल्लं, आणि मग रेडिओ स्टेशनवर गेला. मेलेल्या माणसाला कसली घाई? त्या प्रकरणानंतर फोन बंद झाला. बातमी पानावरच भरायची आणि रुडसेलच्या पहाऱ्यातून पास झाली तरच रेडिओकडे जायची, असं ठरलं.

पानावर बातमीची भाषा निवडायची सोय ठेवली होती. ती यादी ठरवायला बैठक झाली. डच हवी, ती कागदाची भाषा. इंग्रजी हवी, शेजारच्या बेटांवरचे लोक असतात. व्हेनेझुएलाच्या लोकांसाठी स्पॅनिश. किराणा दुकानवाले पोर्तुगालच्या मदेरा बेटाचे, त्यांनी पोर्तुगीज मागितली, तीही घेतली. सगळी बैठक, चेष्टा आणि भांडणासकट, पापियामेंतूत झाली आणि पापियामेंतू यादीत घालायचं एकालाही सुचलं नाही. परक्याला हे नवल वाटेल. आमच्याकडे कोणालाही वाटणार नाही. भांडण, लाडीगोडी, प्रार्थना, डॉक्टरपुढचं रडगाणं, सगळं आपल्या भाषेत. पण रकाने असलेला कागद पुढे आला की माणूस पाठ ताठ करतो आणि डच होतो. आता कायद्याने आमची भाषाही सरकारी झाली आहे, शाळेत शिकवतात, पेपर निघतात. पण हाताची सवय कायदा वाचत नाही.

आणि यामुळे कोणाचं काही अडलंही नाही. लोक भाषेच्या रकान्यात डच निवडायचे आणि खाली मजकूर पापियामेंतूत लिहायचे. रेडिओवर शॉन एवी नावाचा निवेदक होता. शॉन हा आमच्याकडे आदराने लावायचा शब्द. शॉन एवी रकान्याकडे बघायचाच नाही. समोर आलेलं सगळं तो स्वतःच्या भरदार आवाजात आपल्या भाषेत वाचायचा, आणि नाव लिहायचं राहिलं असेल तर पदरचं घालायचा. त्याच्या तोंडून आपली बातमी गेली की मेल्याचं सार्थक झालं, असं म्हाताऱ्या बायका म्हणत.

शॉन एवी निवृत्त झाला आणि रेडिओने मशीन आणलं. मशीन रकाना बघूनच वाचतं. डच लिहिलंय? मग ते पापियामेंतू मजकूर डच जिभेने वाचून काढायचं. म्हणजे आवाज स्वच्छ, उच्चार थंड, आणि कोण मेलं ते कोणालाच कळत नाही. रेडिओवाले मूर्ख नव्हते, त्यांनी शॉन एवीचा आवाज मशीनमध्ये भरून ठेवला होता, आपल्या भाषेसाठी. पण रकान्यात ती भाषा येतच नव्हती, त्यामुळे तो आवाज पगार न घेता नुसता बसून होता.

मग टिंची मेली. टिंची म्हणजे फिफीची बालमैत्रीण, बार्बेरच्या चर्चबाहेर तिच्या शेजारी नारळाच्या वड्या विकणारी. दफन होऊन गेल्यावर रुडसेल आईला भेटायला गेला, तेव्हा ती ओसरीत रेडिओकडे पाठ करून बसली होती.

“टिंची गेली,” ती म्हणाली.

“कळलं मला, मा.”

“तुला कळलं. मी रेडिओला कान लावून बसले होते. त्या मशीनने माझ्या मैत्रिणीला माझ्या कानाशी मारलं आणि मला पत्ता नाही. मी वर यांडिराला विचारते, ही कोण डच बाई गेली गं, देव तिला शांती देवो.”

“मशीनचा दोष नाही त्यात. रकान्यात डच लिहिलेलं असतं.”

“मग आपली लिहायची.”

“आपली तिथे चालत नाही.”

“कोण म्हणतं?”

“ते फ्रेमवर्क असतं, मा. बाहेरून तयार येतं, जगभर तेच वापरतात. त्यात जे बसतं तेच बसतं.”

फिफीने यावर थोडा विचार केला. “म्हणजे टिंची जगात बसली नाही.”

“तसं नाही गं.”

“हे बघ रुडसेल. माझी पाळी येईल तेव्हा मला शॉन एवीच्या आवाजात पाठवायचं. आपल्या भाषेत, पहिल्या शब्दापासून आमेनपर्यंत. नाही तर बार्बेरची मिना आणि बाकीच्या म्हणतील, गेली कोणी डच म्हातारी, आणि पुढचं गाणं लावून बसतील. मला चर्चमध्ये रिकाम्या बाकांसमोर पडून राहायचं नाही. जन्मभर गर्दीत तळण केलंय मी.”

“तू कुठे मरतेस एवढ्यात.”

“तारीख विचारून कोणी मरत नाही. तू तपासून ठेव म्हणजे झालं.”

रुडसेल ‘बघतो’ म्हणाला. पण बघितलं नाही. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात सोंगट्या मोजल्याशिवाय डाव मांडला नाही, त्याने ही एक गोष्ट न तपासता बरोबर धरली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

खरं तर आठवण करून देणारं माणूस त्याच्या शेजारच्याच टेबलावर होतं. तिर्सा पीटरनेला, चाळिशीची, दोन मुलांची आई, बोलायला मवाळ आणि कामाला खमकी. टिंचीच्या दफनाला निम्मा गाव चुकला हे तिच्याही कानावर गेलं होतं. तिने रीतसर मागणी लिहिली: पानावर पापियामेंतू घ्या. रुडसेलने रीतसर उत्तर लिहिलं, डचमध्ये: ‘फ्रेमवर्कच्या मर्यादेबाहेर. आजवर कोणी मागितलेली नाही.’

“मी मागतेय की,” तिर्सा म्हणाली.

“तू कर्मचारी आहेस. ग्राहकाने मागायला हवी.”

“या पानाचे ग्राहक मेलेले असतात, मेनेर. मागणार कसे?”

“नियम आहे.”

“बरं, फाइल उघडून बघितलीत?”

“मला पाठ आहे ती,” रुडसेल म्हणाला आणि चष्मा खाली ओढला. विषय संपला.

पुढे थोड्याच आठवड्यांत फिफी एका पहाटे झोपेतच गेली. त्रास नाही, दवाखाना नाही. यांडिरा कॉफी घेऊन गेली तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून निजलेली होती, एवढंच. पाद्री पुढच्या आठवड्यात बाहेरगावी जाणार असल्याने दफन परवाचं ठरलं. म्हणजे बार्बेरच्या बायकांना कळवायला आजची दुपारची बातमी हीच काय ती खात्रीची. त्यातल्या निम्म्यांकडे फोन नाही, आणि ज्यांच्याकडे आहे त्या अनोळखी नंबर उचलत नाहीत, कारण अनोळखी नंबरवरून मुलंच पैसे मागतात असा त्यांचा अनुभव आहे.

सकाळी यांडिराच्या घरात आरशावर चादर टाकलेली, स्वयंपाकघरात बायका, ओसरीत पुरुष. ओमो बेबे काळा कोट घालून पहिल्या खुर्चीत. एकदा मरून आल्यामुळे त्याला अशा प्रसंगी विशेष मान होता. तिर्सा सुपाचं भांडं घेऊन आली होती आणि कप विसळत उभी होती. जेवणाच्या टेबलावर रुडसेलने लॅपटॉप उघडला, पान काढलं, आईचं नाव घातलं. सेराफिना गिरिगोरी. फिफी या नावाने ओळखली जाणारी. तारीख. क्लोप्त. मग भाषेचा रकाना आला आणि त्याचा हात थांबला.

यांडिरा त्याच्या मागे येऊन उभी राहिली. “काय झालं?”

“डच टाकावं लागेल.”

“मा काय म्हणाली होती?”

“मला ठाऊक आहे मा काय म्हणाली होती.”

ओमो बेबे उठून जवळ आला, चष्म्याविना डोळे बारीक करून यादी वाचू लागला. “डच. इंग्रजी. स्पॅनिश. पोर्तुगीज? कोपऱ्यावरच्या दुकानदाराला जागा आहे आणि माझ्या बहिणीला नाही?”

“त्यांनी मागितली होती, ओमो.”

“फिफीने पण मागितली होती. तुझ्याकडे. ओसरीत बसून. मी कॉफी पीत होतो, मी ऐकलंय.”

रुडसेलने यादी सोडून रकान्यात हाताने आपल्या भाषेचा संकेत लिहिला. मोठमोठ्या भाषांना जगात दोन अक्षरांचा संकेत मिळालेला आहे. आपल्यासारख्यांच्या वाट्याला तीन अक्षरं येतात. पी, ए, पी. गरिबाचं नाव नेहमीच लांब. त्याने बटण दाबलं आणि खाली तांबडी ओळ आली: ही भाषा वैध नाही.

“काय म्हणतंय ते?” बेबेने विचारलं.

यांडिराने वाचून सांगितलं. स्वयंपाकघरातल्या बायकाही दारात येऊन उभ्या राहिल्या.

“वैध नाही?” बेबे म्हणाला. “मग मी आता बोलतोय ते काय आहे? खोकला?”

“सिस्टीम म्हणते, ओमो, मी नाही,” रुडसेल म्हणाला.

“सिस्टीम म्हणजे कोण? तिला आईबाप असतील ना?”

“ते फ्रेमवर्क बाहेरचं आहे.”

एवढं पुरे होतं. बाहेरचं म्हटल्यावर ओसरीला कंठ फुटला. डच लोकांनी किती शतकं काय काय केलं याची उजळणी सुरू झाली. गुलामांच्या जहाजापासून पाण्याच्या बिलापर्यंत सगळं निघालं. बेबे म्हणाला, हे ज्याने लिहिलं त्याला एकदा बार्बेरला आणा, मी त्याला भर उन्हात दिवी-दिवीच्या झाडाला बांधतो आणि तीन अक्षरं घोकून घेतो.

तिर्सा हात पुसत टेबलाशी आली आणि हळूच म्हणाली, “मेनेर, एकदा उघडून तर बघा.”

तिच्याशी वाद घालायचं बळ आज त्याच्यात नव्हतं. त्याने फाइल उघडली. वरती फ्रेमवर्कचा मूळचा पहारेकरी होता, परक्या लोकांनी लिहिलेला, ज्यांनी हे बेट नकाशावरही पाहिलेलं नसेल. त्याच्याकडची भाषांची यादी रुडसेलने प्रथमच खाली खाली सरकवत वाचली. पंजाबी होती. पश्तो होती. कधी न ऐकलेल्या बेटांच्या भाषा होत्या. आणि त्यांच्यात, काही विशेष घडलं नसल्यासारखी, तीन अक्षरं घेऊन पापियामेंतू बसली होती. पहिल्या दिवसापासून होती. त्या परक्या पहारेकऱ्याने तिला एकदाही अडवलं नसतं.

अडवत होती ती खालची एक ओळ. मूळ तपासणी पुरेशी कडक नाही म्हणून कोणी तरी जास्तीची जोडलेली: संकेत दोनच अक्षरांचा असावा. तिच्या शेजारी डचमध्ये टीप होती, ‘जास्तीची गरज नाही’, आणि टिपेखाली आर. जी. अशी सही होती.

रुडसेलला ते लिहिल्याचंही आठवेना. कधीतरी संध्याकाळी, यादीतल्या सगळ्या भाषा दोन अक्षरांत बसतात हे बघून, व्यवस्थित वाटावं म्हणून त्याने ती ओळ घातली असणार, आणि ‘क्लोप्त’ म्हणून घरी गेला असणार, आईच्या हातची मासळी खायला. शाळेत न मिळालेली शिक्षा त्याला आज, पन्नाशी उलटल्यावर, आपल्याच हाताने लिहिलेली सापडली होती. टिंची या ओळीपायी गेली होती. म्हणजे मेली तशी म्हातारपणाने, पण गुपचूप गेली ती या ओळीपायी.

खोलीत फाइल वाचता येणारी दुसरी फक्त तिर्सा, आणि ती खिडकीबाहेर बघत उभी होती. बाकीच्यांचा डचांवरचा राग ऐन भरात होता. गप्प बसून ती ओळ काढून टाकली असती तर रुडसेल परक्यांशी लढून आईला न्याय मिळवून देणारा मुलगा ठरला असता. त्याचं बोट खोडायच्या बटणावर गेलंही.

“सापडला का तो?” बेबेने विचारलं. “कोणाचं काम आहे?”

“माझं,” रुडसेल म्हणाला.

“काय तुझं?”

“ती ओळ. बाहेरच्यांनी आपल्याला घेतलं होतं, ओमो. मीच काढलं.”

आपलेच दात आणि आपलेच ओठ. ओसरीतल्या इतिहासाला मध्येच ब्रेक लागला. डचांना द्यायच्या शिव्या घरच्या माणसाला, तेही त्याची आई आत निजलेली असताना, देणार कशा? यांडिरा त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि रागही होता, आणि तिने दोन्ही लपवलं नाही. शेवटी ओमो बेबेने थर्मास ओढला, कपात कॉफी ओतली आणि विचारलं, “साखर किती? का तीही दोनच अक्षरांची लागते?”

कोणी तरी नाकातून हसलं. यांडिराने भावाच्या पाठीत एक बुक्की घातली, बरीच जोराची, आणि म्हणाली, “आता काढ ती ओळ. बारा वाजायला आलेत.”

ओळ काढायला काहीच वेळ लागला नाही. वेळ पुढे लागला. ‘बदलाचं कारण’ हा रकाना समोर आला. रुडसेलने डचमध्ये एक वाक्य सुरू केलं, खोडलं. दुसरं सुरू केलं, तेही खोडलं. मग त्याने आपल्या भाषेत दोन शब्द लिहिले: ‘मा गेली.’ त्या कचेरीच्या कामकाजात पापियामेंतूत लिहिलेलं ते पहिलं कारण असावं. मग त्याने लॅपटॉप तिर्साकडे फिरवला, कारण दुसऱ्याने तपासल्याशिवाय बदल लागू होत नव्हता.

तिर्साने वाचलं. ती लगेच संमती देईल असं सगळ्यांना वाटलं.

“नमुना नाही,” ती म्हणाली.

“कसला नमुना?” यांडिराने विचारलं.

“नवीन गोष्ट आत घेताना एक उदाहरण जोडावं लागतं. मशीन ते उदाहरण घेऊन तपासतं, की दार खरंच उघडतं का. मेनेरांचाच नियम आहे.”

“आज तरी सोड की गं त्याला.”

“मी सोडेन. पण ते स्वतःला सोडतील का, विचारा.”

रुडसेलने नकाराची मान हलवली. लॅपटॉप परत घेऊन त्याने नमुन्याच्या जागी लिहिलं: सेराफिना गिरिगोरी. फिफी या नावाने ओळखली जाणारी. भाषा, पी ए पी. आणि शेवटच्या रकान्यात, मशीनने काय उत्तर द्यायला हवं तिथे: वैध. त्याने बटण दाबलं. थोडा वेळ काही नाही. मग हिरवी ओळ उमटली.

सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याने चष्मा कपाळावर चढवला, तोंड उघडलं, पण शब्द काही बाहेर येईना.

“क्लोप्त,” तिर्सा म्हणाली, आणि संमतीचं बटण दाबलं.

दुपारी शॉन एवीचा आवाज बेटभर वाजला. मशीनमधलाच, पण भरदार. त्याने फिफीचं नाव घेतलं, लोक तिला ज्या नावाने ओळखत ते घेतलं, यांडिराचं, रुडसेलचं, ओमो बेबेचं घेतलं. बेबे म्हणाला, या वेळी आपलं नाव जिवंतांच्या यादीत ऐकून बरं वाटतंय. तिकडे आपल्या घरी म्हातारा शॉन एवी स्वतःचाच आवाज ऐकत बसला होता म्हणे, आणि त्याने चमचा खाली ठेवला.

परवाच्या दिवशी बार्बेरहून भाड्याची बस भरून आली. चर्चची बाकं पुरली नाहीत, लोक दारात उभे राहिले. मिना काठी टेकत आत आली, पेटीजवळ जाऊन फिफीच्या कानाशी बराच वेळ काही तरी कुजबुजली, आणि मग रुडसेलसमोर उभी राहिली.

“तूच ना तो, टिंचीला डच करून पाठवणारा?”

“हो, शॉन मिना.”

“माझी पण सोय करून ठेव. मी फार दिवसांची नाही. आणि माझ्या बातमीत भाचेसुनांची नावं घालू नको, आल्याच नाहीत कधी भेटायला.”

“पान तुम्हाला हवं तसं भरता येतं.”

“तपासलंस?”

“तपासलं,” रुडसेल म्हणाला.

कंपनीत रोज संध्याकाळी दिवसाचं काम संपलं की मशीन सगळे नमुने ओळीने तपासतं. शेकडो ओळी असतात, खोट्या नावांच्या, खोट्या तारखांच्या, आणि त्यांत एका ठिकाणी फिफी येते आणि हिरवी होऊन पुढे जाते. बरेच महिने गेल्यावर एकदा सगळ्या नमुन्यांची साफसफाई निघाली. तिर्साने ती ओळ दाखवली.

“मेनेर, नमुन्यात खऱ्या माणसाचं नाव चालत नाही. तुमचाच नियम. हिच्या जागी कोणतं तरी खोटं नाव घालू?”

रुडसेलने नियम आठवला. तो त्यानेच लिहिला होता आणि तो बरोबरही होता.

“राहू दे,” तो म्हणाला.

“नियम मोडतोय.”

“मोडू दे. मी तिला जन्मभर चूक म्हणत आलो. आता रोज संध्याकाळी कोणी तरी तिला बरोबर म्हणू दे.”

तिर्साने ती ओळ तशीच ठेवली आणि पुढची उघडली.